शिळं वाचन

३ नोव्हेंबर, सोमवार

सरांनी आजपासून दैनंदिनी लिहायला लावली. साध्या अक्षरात, जी बोली तोंडात येईल त्या बोलीत. म्हणले, "दुसऱ्याचं बोलणं उतरवून उतरवून लघुलेखकाला स्वतःचं एक वाक्य लिहिता येत नाही. तसं होऊ देऊ नका. आणि ही वही मी बघणार नाही." शेवटचं ऐकून अख्ख्या वर्गानं श्वास सोडला. अंबेकर सर एखादी वही बघणार न्हाईत, हे वर्षभरात पहिल्यांदाच घडलं.

तर मी दीपमाला मिथुन बोर्डे, वय बत्तीस. मराठी लघुलेखनाचा ऐंशीचा पेपर पास, शंभरचा नापास, तोही थोडक्यात. शंभर म्हणजे मिनिटाला शंभर शब्द. समोरचा बोलत जातो, आपण खुणांनी वहीत उतरवायचं, आन् मंग त्या खुणा वाचून साध्या मराठीत उतारा काढायचा. शंभरचा कागद हातात आला की कोर्टात स्टेनोच्या जागेला फॉर्म भरता येतो. परीक्षा मार्चात आहे.

आमचं केंद्र जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानाच्या वर. खाली दिवसभर गाठी उतरून राह्यलेल्या, ऑटोवाले भोंगे वाजवून राह्यलेले, आन् त्यातच सर डिक्टेशन देतात. खिडकी लावू देत न्हाईत. "कोर्टात शांतता असते असं कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हणतात. सरांनी कोर्टात चौतीस वर्षं स्टेनोगिरी केल्ती.

सरांच्या वर्गासोबत मोबाईलवर ऑनलाइन कोर्सही आहे, तिथं भावना मॅडम उतारे तपासतात. आम्ही एकोणीस जण दोन्हीकडं शिकतो. आज केंद्राचे हरिओम भाऊ येऊन सांगून गेले की जानेवारीपासून दोन्हीपैकी एकच चालणार. कुणाची तपासणी जास्त उपयोगी पडते ते आमच्याकडून फॉर्मवर भरून घेणार, आन् त्यावरून वरचे लोक ठरवणार. सर फळा पुसत होते. पुसलेला फळा त्यांनी परत पुसला.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोबाईलवर भावना मॅडमचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. परवा धाडलेला उतारा तपासून झाला. ब्याण्णव टक्के बरोबर, चुकलेले शब्द लाल रंगात, खाली एक पट्टा, कोणत्या मिनिटाला किती चुका ते दाखवणारा. पट्टा मी बघितलाच न्हाई. मॅडमचा आवाज ऐकला: "दीपमाला, खूप सुंदर प्रगती. अशाच पुढे जात राहा." काय गोड बोलतात. मिथुनला ऐकवला. तो बियाणं कंपनीचा टेम्पो चालवतो, जेवायला आल्ता. त्यानं ऐकलं आन् म्हणला, "भारी हाये." सासूबाईंना ऐकवला. मंग मी एकटीनं आणखी दोनदा ऐकला.

सरांकडं वर्ष काढलं. 'खूप' न्हाई, 'सुंदर' न्हाई, 'प्रगती' तर न्हाईच न्हाई. सरांचे शब्द दोन: "वाच" आन् "पुन्हा".

१० नोव्हेंबर, सोमवार

आज रडू आलं. लिहूनच टाकते.

सरांची एक पद्धत आहे, आम्ही तिला शिळं वाचन म्हणतो. आज लिहिलेलं आज वाचायचं न्हाई. सर येतात, आपली वही उचलतात, आठ दिवस मागचं एखादं पान उघडतात आन् "वाच" म्हणतात. ताज्या खुणा कुणालाही वाचता येतात, कान अजून गरम असतो. आठ दिवसांनी कानात काही राहत न्हाई, फक्त हातानं काय लिहिलं तेवढं राहतं. तिथं खरा हिशेब होतो, असं सरांचं म्हणणं.

आज माझी वही उचलली. मागच्या सोमवारचा उतारा, कालव्याच्या पाण्याबद्दल. तिसऱ्या ओळीला अडकले. खूण माझीच, पण मलाच ओळख देईना. सर म्हणले, "पुन्हा." परत सुरुवातीपासून. परत तिथंच. "पुन्हा." तिसऱ्यांदा मी अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं. सरांनी पानावर लाल पेन्सिलीनं एक ठिपका दिला आन् वही खाली ठेवली. म्हणले, "अंदाज करू नकोस. न आलेलं न आलं म्हण. साक्षीदार काय म्हणाला हे स्टेनोनं ठरवायचं नसतं."

अख्ख्या वर्गासमोर. त्यात जान्हवी माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

बत्तीस वर्षांची बाई मी, घरचं आवरून, डबे भरून, ऑटोत कोंबून घेऊन येते. एक शब्द चांगला बोलला तर सरांची पेन्सिल झिजेल का? फॉर्म येऊ दे. मी ऑनलाइनला देणार. ठरलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंना कालचं सांगितलं. आमच्या सासूबाई, चांगुणाबाई, कमी बोलतात. भाकरी थापता थापता म्हणल्या, "तुला भाकर मीच शिकवली. चांगली झाली म्हणले का कधी?" मी म्हणले, न्हाई. म्हणल्या, "खाल्ली का न्हाई मंग रोज?" याचा इथं काय संबंध ते मला कळलं न्हाई. मी अजून रागात आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर्गातल्या नागसेनच्या मोबाईलवर भावना मॅडमचा आवाज आला. वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यानं मोठ्यानं लावला. "नागसेन, खूप सुंदर प्रगती. अशाच पुढे जात राहा." नागसेनला 'अशाच' म्हणले म्हणून सगळे हसले. मीबी हसले. पण घरी येऊन माझ्या मोबाईलवरचा आवाज परत लावून बघितला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑनलाइनवर महिन्यातून एकदा मॅडमना समोरासमोर विचारता येतं, मोबाईलच्या पडद्यावर. माझा नंबर दुपारी लागला. मी ठरवूनच बसल्ते. विचारलं, "मॅडम, तुम्ही सगळ्यांना तेच म्हणता का?"

मॅडमनी पडद्याकडं वाकून माझं नाव वाचलं. मंग म्हणल्या, "ताई, माझ्याकडे चारशे बारा विद्यार्थी आहेत. नाव तेवढं बदलतं. पण कुणी धीर सोडू नये म्हणून ते शब्द लागतात, एवढं मी शिकले." मला राग यायला पाहिजे होता, पण आला न्हाई. बाई थकलेली दिसत होती. मागं कुठंतरी कुकर शिट्ट्या देत होता, माझ्या घरात देतो तसाच.

मंग मॅडमनी माझे मागचे दहा उतारे उघडले. "तुम्ही तो पट्टा बघता का?" मी खोटं बोलणार होते, पण न्हाई म्हणले. त्यांनी दहाही पट्टे एकाखाली एक लावून दाखवले. दहापैकी नऊ उताऱ्यांत सगळ्यात जास्त चुका चौथ्या मिनिटाला. विषय कोणताबी असू दे, पाणी, शाळा, अर्थसंकल्प, चौथं मिनिट आलं की माझी दोन-तीन वाक्यं गायब. मॅडम म्हणल्या, "कधी होतं ते मला दिसतं. का होतं ते दिसत नाही. मला तुमचा हात दिसत नाही ना. जो शेजारी बसतो त्याला दाखवा."

बारा महिने मी त्या बाईचा नुसता गोडवा ऐकत होते आन् खरं कामाचं होतं ते खाली पडून होतं. स्वतःच्या अकलेला काय म्हणावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना मोबाईल दाखवायला भीती वाटत होती. मला वाटलं, म्हणतील, मग तिथंच जा. सरांनी चष्मा बदलला, मोबाईल खिडकीपाशी नेला आन् दहाही पट्टे बघितले. मंग म्हणले, "हे मला कळलं नव्हतं. बाई हुशार आहेत." सरांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं, आन् तेबी ज्या बाईमुळं सरांचा वर्ग जाऊ शकतो तिचं.

मंग नागसेनला डिक्टेशन द्यायला बसवलं आन् स्वतः माझ्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसले. मी लिहून राह्यले, सर माझ्या उजव्या हाताकडं बघतच न्हाईत. नजर डाव्या हातावर. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. चौथ्याला सरांनी पेन्सिल टेबलावर आपटली. "पान."

एवढंच. पान. माझं अक्षर मोठं, म्हणून शंभरच्या वेगात माझं पान बराबर चौथ्या मिनिटाला भरतं. पान उलटताना मी उजवा हात उचलते, तेवढ्यात चार शब्द निघून जातात, आन् ते पकडायच्या नादात पुढची वाक्यंबी. बारा महिने मी मेंदूला दोष देत होते. म्हणले होते, माझं डोकंच चौथ्या मिनिटाला दमतं.

सरांनी माझा डावा अंगठा धरला न्हाई, लांबूनच दाखवलं: अर्धं पान झालं की अंगठ्यानं खालचा कोपरा वर करून धरायचा, शेवटच्या ओळीला नुसता ढकलायचा. उजवा हात कागद सोडत न्हाई. मंग तासभर कोरी पानं उलटायला लावली. बाकीचे उतारा लिहून राह्यले आन् मी आपली कोऱ्या वहीची पानं उलटून राह्यले, सत्तरदा. जान्हवी तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. दर दहा पानांना सर म्हणत, "पुन्हा."

जाताना मी धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला कोर्टात कुणी शाब्बास म्हणायचं का?" सर म्हणले, "स्टेनोची चूक झाली तरच त्याच्याकडे बघतात. चौतीस वर्षांत साहेबांनी माझ्याकडे सहा वेळा बघितलं." मला वाटलं नाराजीनं सांगतील. सांगताना ताठ बसल्ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऑनलाइनचा उतारा तपासून आला. सत्त्याण्णव टक्के. चौथ्या मिनिटाला शून्य चुका. मॅडमचा आवाजही आला, खूप सुंदर प्रगती. पण त्याखाली हातानं टाइप केलेली एक ओळ होती: "ताई, हात कुणी बघितला? त्यांना माझा नमस्कार." मी सरांना वाचून दाखवलं. सरांनी मान हलवली आन् म्हणले, "अठ्ठ्याण्णव हवेत."

अहो, पण मला आज राग न्हाई आला. माणूस डाव्या हाताकडं बघतो. असा मास्तर कुठं सापडायचा?

२४ नोव्हेंबर, सोमवार

फॉर्म आला. दोन भाग. पहिला ऑनलाइनचा, दुसरा सरांच्या वर्गाचा. 'प्रशिक्षकांनी केलेली तपासणी तुम्हाला किती उपयोगी वाटली? एक ते पाच गुण द्या.' पाच म्हणजे सगळ्यात चांगलं.

ऑनलाइनचा भाग सगळ्यांनी चुटकीसरशी भरला. पार्सल आल्यावर देतो तसे पाच देऊन टाकले. सरांच्या भागापाशी सगळे थांबले. सर त्या वेळी खाली चहाला गेल्ते.

नागसेन म्हणला, "सरांना मार्क द्यायचे? आपण?" म्हणला, स्वतःचे वडील मास्तर असते तर त्यांना कुणी मार्क दिले असते का. खरंच सगळ्यांना अवघड झालं. चार म्हणावं तर सरांना उणं केलं, पाच म्हणावं तर आपण कोण पाच देणारे? ज्याच्या हातात लाल पेन्सिल त्यानं द्यायचे असतात.

मी सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणले, "कोरं सोडा. मास्तरला मार्क द्यायचे नसतात. कोरं म्हणजे मानाचं." सगळ्यांना पटलं. एकोणीसच्या एकोणीस जणांनी कोरं सोडलं. मला फार बरं वाटलं. सरांचा असा मान कुणीच ठेवला नसेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज सर खुशीत असावेत. घरून पत्र्याचा डबा आणला, त्यात त्यांच्या कोर्टातल्या पेन्सिली, अर्ध्या झिजलेल्या पण जपून ठेवलेल्या. प्रत्येकाला एक एक वाटली. म्हणले, "घरी पडून काय करायच्या." मला हिरवी मिळाली, टोक सुईसारखं केलेलं. आज शिळं वाचनसुद्धा घेतलं न्हाई. नागसेननं दोन चुका केल्या तर त्यालाही पुन्हा म्हणले न्हाईत. मी मनात म्हणले, बघा, मान दिला की माणूस कसा नरम पडतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कुठं तोंड लपवू.

हरिओम भाऊंनी फळ्याशेजारी कागद डकवला. ऑनलाइन तपासणी: पाचपैकी पाच. प्रत्यक्ष वर्ग: पाचपैकी शून्य. एकतीस डिसेंबरनंतर प्रत्यक्ष वर्ग बंद.

मी हरिओम भाऊंना म्हणले, "आम्ही शून्य दिलंच न्हाई. आम्ही कोरं सोडलं." ते म्हणले, "ताई, मशीनला कोरं आन् शून्य एकच." मी म्हणले, मशीनला कळत न्हाई का की एकोणीस जण मिळून कोरं का सोडतात? ते म्हणले, न्हाई कळत.

मंग विचारलं, सरांना कधी कळलं? म्हणले, मंगळवारी संध्याकाळीच त्यांना बोलावून कागद दाखवला. बुधवारी सरांनी पेन्सिली वाटल्या. खुशीत आहेत म्हणून मी लिहून ठेवलंय वर. खोडावंसं वाटतंय, पण सर म्हणतात लिहिलेलं खोडायचं न्हाई, एक रेघ मारून पुढं लिहायचं. रेघसुद्धा मारत न्हाई. राहू दे माझ्या डोळ्यापुढं.

चौतीस वर्षांत साहेबांनी सहा वेळा बघितलं, आन् आम्ही एकोणीस जणांनी मिळून शून्य दिलं. आन् ते मी द्यायला लावलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वर्गात सगळे उभे राह्यले. मी सरांना म्हणले, "सर, ते शून्य आमचं न्हाई. मानानं कोरं सोडल्तं. मीच सांगितलं सगळ्यांना." सरांनी ऐकून घेतलं. म्हणले, "स्टेनोनं कोरी जागा सोडायची नसते, दीपमाला. कोऱ्या जागेत वाचणारा वाटेल ते वाचतो." आन् डिक्टेशन सुरू केलं. विश्वास बसला का न्हाई ते कळलं न्हाई. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

सुटल्यावर आम्ही हरिओम भाऊंना जिन्यातच धरलं. ते माणूस वाईट न्हाईत, त्यांचेबी हात बांधलेले. शेवटी म्हणले, "फॉर्म परत उघडता येत न्हाई. पण लेखी मत वर धाडतो. प्रत्येकानं स्वतःचं, सहीनिशी, बुधवारपर्यंत."

तिथंच बसून सगळ्यांनी लिहून दिलं. हरिओम भाऊंनी वाचलं आन् गठ्ठा परत माझ्या हातात दिला. एकोणीसच्या एकोणीस कागदांवर 'सर खूप छान शिकवतात, वर्ग बंद करू नये.' नागसेनचं बघून सगळ्यांनी उतरवलेलं. "हे एकाच माणसाचं मत आहे," म्हणले. "सर काय करतात ते लिहा. छान म्हणजे काय?"

खूप छान. खूप सुंदर प्रगती. आम्हीसुद्धा नाव तेवढं बदललं.

२ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस सगळ्यांच्या मागं लागले. आठवा, सरांनी तुमचं काय बघितलं?

नागसेननं लिहिलं की तो बारीक-जाड खुणांचा फरक न ठेवता सगळ्या रेघा जाड काढायचा, सरांनी त्याला आठवडाभर पेन्सिल फक्त दोन बोटांत धरून लिहायला लावलं, दाबायला जोरच मिळू दिला न्हाई. भोकरदनकडून येणाऱ्या बेबीनंदानं लिहिलं, तिला आकडे ऐकू येताच घाबरायला होतं हे सरांनी तिच्या खांद्यावरून ओळखलं. एक एक वाचताना मला वाटलं, या माणसानं एकोणीस जणांना किती बघितलंय. आन् आम्हाला वाटत होतं, त्यांना फक्त ठिपके देता येतात.

जान्हवीनं मात्र उलटं लिहिलं. ती अंबडहून एसटीनं येते, अर्धा दिवस रस्त्यात जातो. सगळ्यांपुढं वाचायची तिला इतकी लाज वाटते की रात्रीच पोटात दुखायला लागतं. ऑनलाइनवर एकच उतारा दहादा ऐकता येतो, चुकलं तर कुणी बघत न्हाई. तिला ऑनलाइन ठेवा, असं तिनं सरळ लिहिलं. मी तिला म्हणायला गेले, आत्ता ही वेळ आहे का? मंग जीभ चावली. मी तेच करणार होते, सगळ्यांचं एकसारखं. तिचा कागद तसाच गठ्ठ्यात ठेवला. तिनं खाली आणखी एक ओळ जोडली, 'पण सरांनी एकट्यात वाचून घेतलं तर मी येईन.'

राह्यलं माझं. साध्या अक्षरात लिहायला बसले तर हात मनाच्या मागं पडायला लागला. घरची सरावाची वही भरलेली, म्हणून वर्गाचीच वही घेतली आन् खुणांनीच सरळ उतरवलं, जवळजवळ भरलेल्या पानावरून पुढच्या पानावर, एका दमात. पान उलटताना अंगठा आपोआप गेला. मंग साध्या मराठीत काढून, सही करून, हरिओम भाऊंकडं दिलं. त्यांनी पाकीट बंद केलं. सरांना हे दाखवायचं नसतं, म्हणले, नियम आहे.

६ डिसेंबर, शनिवार

वर्गाला महापरिनिर्वाण दिनाची सुट्टी. पांढरी साडी नेसून सासूबाईंसोबत अभिवादनाला गेले. मेणबत्ती लावताना मनात सरांचा वर्ग आला. सासूबाई म्हणल्या, आज मागायचं नसतं काही. मी म्हणले, मागत न्हाई, नुसतं आठवलं.

९ डिसेंबर, मंगळवार

वर्ग राह्यला. जीव भांड्यात पडला.

वरून पत्र आलं. परीक्षेपर्यंत दोन्ही चालू, नंतरच्या तुकडीचं पुढं बघू. मॅडमनी तपासलेले पट्टे दर शनिवारी सरांकडं यायचे, आन् ज्यांना लांबून येणं जमत न्हाई त्यांनी आठवड्यातून दोनदाच यायचं. हे जान्हवीच्या कागदामुळं झालं, असं हरिओम भाऊ म्हणले. सगळ्यांचं सारखं असतं तर त्यांनी वाचलंच नसतं. जिला मी गप्प करणार होते तिच्यामुळं.

सरांना सांगितलं तर म्हणले, "बरं." आन् सोमवारच्या उताऱ्याच्या वह्या मागितल्या. डब्यातली पेन्सिल सरांना परत द्यायला गेले, तर म्हणले, "ठेव. परीक्षेला लागेल."

एवढ्या सगळ्यानंतर 'बरं'. मिथुनला सांगितलं तर तो हसत सुटला.

१५ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

सरांनी शिळं वाचन परत सुरू केलं. पहिलं नाव माझं. माझी वही उचलली, या खेपेला आठ दिवसांच्याही मागं गेले, एक पान उघडलं. त्या पानाकडं सर बराच वेळ बघत राह्यले. मला वाटलं, रेघा फारच गिचमिड झाल्या. पुढचं पानसुद्धा उलटून बघितलं. मंग वही माझ्यापुढं ठेवली आन् म्हणले, "वाच."

बघते तर दोन तारखेचं. माझंच मत. सरांबद्दलचं. घरची वही भरल्ती ना.

मी म्हणले, "सर, हे डिक्टेशन न्हाई." सर म्हणले, "लिहिलेलं आहे ना? वाच." अख्खा वर्ग बसलेला. पण सरांनी सांगितलं म्हणजे वाचायचंच.

वाचलं. असं होतं ते: "आमचे सर कधी शाब्बास म्हणत नाहीत. मला वर्षभर याचा राग होता. ज्यांनी मला शाब्बास म्हटलं त्यांचंही खोटं नव्हतं, त्या शब्दांवर मी कितीतरी सकाळी घरातून निघाले, आणि माझी चूक कधी होते ते त्यांनीच दाखवलं. पण का होते ते सरांनी दाखवलं, कारण ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि ज्या हाताकडे कुणी बघत नाही त्या हाताकडे बघत राहिले. मला आजवर पुष्कळ लोकांनी तपासलं आहे. लग्नाला तपासलं, नोकरीला तपासलं. इतकं लक्ष देऊन कुणी बघितलं नव्हतं. सर पुन्हा म्हणतात, याचा अर्थ त्यांना वाटतं मला येईल. ज्याला येणार नाही त्याला कुणी पुन्हा म्हणत नाही. हे मला उशिरा कळलं. मी त्यांना गुण देत नाही, कारण तेवढं मोठं माप माझ्याकडे नाही. पण कोरी जागाही सोडत नाही."

कुठंच अडखळले न्हाई. एक खूण चुकली न्हाई. पान उलटायच्या जागीसुद्धा न्हाई.

सर खिडकीकडं तोंड करून बसल्ते. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत होते. पुसून झाला तरी घातला न्हाई. लाल पेन्सिल टेबलावरच पडलेली, ठिपका दिला न्हाई, काही न्हाई.

मंग खिडकीकडंच बघत म्हणले, "पुन्हा."

मी वही परत बघितली. चूक एकही नव्हती, नागसेनसुद्धा तसंच म्हणला. सरांना कुठं खटकलं ते अजून मला कळलं न्हाई. पण सर म्हणले म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मी पहिल्या ओळीपासून परत वाचलं, जरा हळू आन् मोठ्यानं.